डावीकडून तिसरी

काकांनी दुसऱ्या उकडलेल्या अंड्याचा शेवटचा घास गिळला, त्याच वेळी रसायनाच्या मॅडम प्रयोगशाळेत आल्या आणि थकलेल्या पण समाधानी आवाजात म्हणाल्या, "काका, आत बघितलंत का? सगळ्या बाटल्या अक्षरानुक्रमानं लावल्या मी."

डब्याच्या झाकणावरचा काकांचा हात तसाच थांबला.

"सगळ्या?"

"सगळ्या. अठ्ठेचाळीस. तुम्ही रजेवर होतात ते तीन दिवस दुसरं काही केलंच नाही. पाठ धरलीय."

काका या शाळेच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. सव्वीस वर्षं त्यांनी ही नोकरी केली होती, आता आठ महिने उरले होते, आणि एवढ्या काळात त्यांनी एकदाही बाटलीवरचं लेबल वाचून बाटली उचलली नव्हती. वाचता येत नव्हतं असं नाही. त्यांचा लेबलांवर विश्वास नव्हता. "आम्ल नाव खातं, जागा खात नाही," असं ते म्हणत. सव्वीस वर्षांत विज्ञानाचे सहा शिक्षक आले आणि गेले. प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं रसायनं मागवली, आणि ती काकांनी त्या त्या वेळी रिकाम्या असलेल्या बाटल्यांत भरली. त्यामुळे लेबल एक आणि आत दुसरंच, असा प्रकार निम्म्या कपाटात होता. पण कोणतं रसायन कोणत्या फळीवर कितवं, हे काकांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. परीक्षेत मुलांना द्यायची पांढरी चूर्णंही ते याच हिशेबानं काढत, आणि सव्वीस वर्षांत एकाही बाहेरच्या परीक्षकानं चूक काढली नव्हती.

मॅडम या वर्षीच आल्या होत्या. वस्तूला एक नाव असावं आणि त्या नावाला एकच वस्तू असावी, यावर त्यांची मनापासून श्रद्धा होती. चाचणी परीक्षेत अकरा मुलांनी नायट्राइटला नायट्रेट लिहिलं होतं आणि सात जणांनी सल्फाइटला सल्फेट. एकानं तर 'सोडियम सल्फ' एवढंच लिहून पुढे टिंबं काढली होती आणि निवड परीक्षकांवर सोडली होती. झिजलेल्या लेबलांकडे पाहून मुलांनी शिकायचं तरी काय, असं म्हणून परीक्षेला आठवडा उरला असताना मॅडमनी हे काम अंगावर घेतलं. आतल्या खोलीतला दिवा गेल्या वर्षीपासून बंद होता, म्हणून बाटल्या चार-चार करून बाहेर आणल्या. जुनं लेबल वाचलं, भिजवून खरवडलं, बाटली घासली, तेच नाव निळ्या शाईनं नव्या लेबलावर लिहिलं आणि बाटली अक्षरानुक्रमानं ठेवली. खरवडलेल्या लेबलांचा लगदा कालच सफाईवाल्या मावशी घेऊन गेल्या होत्या.

"चेहरा का असा झालाय?" मॅडमनी विचारलं. "आवडलं नाही का?"

"मॅडम, सगळ्यांत खालच्या फळीवर डावीकडून तिसरी बाटली आता कुठली आहे?"

मॅडमना बघायला जायची गरज नव्हती. त्यांनी बोटांवर मोजत म्हटलं, "खाली सगळं सोडियमचं खानदान आलंय. सोडियम कार्बोनेट, सोडियम क्लोराइड... सोडियम नायट्राइट. का?"

"त्यातलं मीठ घेतलं मी. अंड्यांवर."

मॅडम खाली बसल्या.

"काका, ते मीठ नाही."

"गुरुवारपर्यंत होतं," काका म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी काकांचा रक्तदाब वाढला, तेव्हापासून काकूंनी घरातलं मीठ कुलपात ठेवलं होतं. डब्यात रोज दोन अळणी अंडी येत. म्हणून काकांनी प्रयोगशाळेतलं मीठ आपल्या ठरलेल्या जागी ठेवलं होतं आणि जेवायच्या सुट्टीत अंधाऱ्या खोलीत जाऊन, न बघता, सवयीनं खाली वाकून ते डावीकडून तिसऱ्या बाटलीत दोन बोटं घालत. आजही घातली होती.

"चव कशी होती?" मॅडमनी विचारलं.

"खारट."

"यातलं निम्मं खानदान खारट लागतं हो." मॅडमचा आवाज चिरकला. "किती घेतलंत?"

"दोन चिमटी. एका अंड्याला एक." काकांनी जरा विचार करून प्रामाणिकपणे भर घातली, "दुसऱ्याला थोडी जास्त."

मॅडमनी ती बाटली उजेडात आणली. लेबल सुंदर होतं. 'सोडियम नायट्राइट' ही अक्षरं त्यांनी रेघ आखून काढली होती. पण काकांनी मान हलवली.

"लेबलावर नायट्राइट आहे म्हणून आत नायट्राइट असेलच असं नाही, मॅडम."

"मग आत काय आहे?"

"जागेवर होती तोवर मला माहीत होतं. आता तुम्ही तिला आंघोळ घालून दुसरीकडे बसवलंय. कोणाची कोण, मी कसं सांगू?"

बूच फुटलेल्या, मानेला तडा गेलेल्या आणि बुडाशी बुडबुडा असलेल्या मिळून चौदा बाटल्या काकांनी ओळखल्या. पण ही बाटली धुतल्यावर इतर तेहेतीस बाटल्यांसारखीच दिसत होती. दोन चिमटी मिठाच्या जागी पोटात काय गेलं, हे प्रयोगशाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं.

एवढ्यात गणिताचे सर दारातून आत डोकावले. सर मूळचे सडपातळ, आणि गेली दोन वर्षं पोटाच्या दुखण्यानं आणखी वाळलेले. तिखट सुटलं, चहा सुटला, दोन डॉक्टर झाले, एकदा नळी घालून तपासणीही झाली. निदान काही होईना. तासाच्या मध्यावर 'पुढचं उदाहरण तुम्ही सोडवा' असं सांगून ते बाहेर जात, आणि ते उदाहरण मुलांना कधीच सुटत नसे.

"मॅडम, काम छान केलंत," सर म्हणाले. "मला आता हवं ते लगेच सापडतं."

गणिताच्या सरांना रसायनांच्या खोलीत काय हवं असतं, हे विचारायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. मॅडमनी त्यांना झालेला प्रकार सांगितला. सरांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि वर्गात बोलावं तसं बोलायला सुरुवात केली.

"अठ्ठेचाळीस बाटल्या, अठ्ठेचाळीस जागा. कुठलीही बाटली कुठल्याही जागी आली असू शकते असं धरू. तर काकांची मिठाची बाटली परत त्याच जागी येण्याची संभाव्यता अठ्ठेचाळिसात एक."

"म्हणजे शक्यता आहे," काका म्हणाले.

"शक्यता वेगळी, संभाव्यता वेगळी. लोक घोळ करतात. शक्यता आहे. संभाव्यता कमी आहे."

"यातलं माझ्या कामाचं कुठलं, सर?"

सरांनी काकांकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "तुम्ही शक्यता धरा."

मॅडमनी तोवर इस्पितळात फोन लावला होता. तिकडचे डॉक्टर सकाळपासून उभे असावेत असं त्यांच्या आवाजावरून वाटत होतं.

"काय खाल्लंय?"

"लेबलावर सोडियम नायट्राइट आहे. पण ते नायट्रेट असू शकतं. किंवा सल्फाइट. किंवा सल्फेट. बेरियमचं काही असू शकतं. मीठही असू शकतं."

"बाई, तुम्ही कोण?"

"मी रसायनशास्त्र शिकवते."

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्या एका शब्दानं मॅडमना जेवढं लागलं, तेवढं मुख्याध्यापकांच्या कुठल्याही शेऱ्यानं कधी लागलं नव्हतं. "गाडी पाठवतो. वीस-पंचवीस मिनिटं लागतील. बाटलीसकट या. तोवर ओठांवर लक्ष ठेवा. निळे पडायला लागले तर लगेच कळवा. पेशंटचं नाव सांगा, केसपेपर काढायला लावतो."

"नाव सांगू नका," काका मध्येच म्हणाले. पण मॅडमनी ते सांगितलं होतं.

काका स्टुलावर बसले. विष पोटात गेल्याचं ऐकूनही ते एवढे खचले नव्हते.

"केसपेपरच्या खिडकीवर आमची ही असते," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं. पहिला प्रश्नच असतो, काय खाल्लं. मॅडम, एक वेळ गेलो तरी चालेल. पण मीठ खाऊन गेलो हे तिला कळलं, तर दहाव्यालासुद्धा अळणी करेल."

"काका, असं बोलू नका," मॅडम म्हणाल्या, आणि काकांच्या तोंडाकडे बघून त्या पुढे झुकल्या. "सर, ओठ बघा यांचे."

सर जवळ गेले. काकांच्या खालच्या ओठाची उजवी बाजू निळी दिसत होती. हनुवटीवरही एक निळसर पट्टा होता.

"निळे म्हणजे कशाच्या तुलनेत निळे?" सरांनी अस्वस्थपणे विचारलं. "एरवी कसे असतात, याची नोंद आहे का कुठे?"

मॅडमनी टेबलावरचं ओलं फडकं उचललं आणि काकांचं तोंड पुसलं. निळेपणा फडक्यावर आला. मग त्यांनी काकांची बोटं उलटून पाहिली. अंड्याच्या ओल्या हातानं काकांनी अंधारात नवं लेबल धरलं होतं आणि त्याच हातानं तोंड पुसलं होतं. रेघ आखून काढलेल्या 'ट्राइट'ची शेपटी बाटलीवरून गेलेली होती.

"शाई आहे," मॅडम म्हणाल्या. फडकं ठेवून त्यांनी हात धुतले आणि बर्नर पेटवला.

वर्षभर त्या मुलांना चूर्ण ओळखायच्या पायऱ्या शिकवत होत्या; पण खरं सांगायचं तर स्वतः त्यांनी अज्ञात म्हणून दिलेलं चूर्ण कधीच ओळखलं नव्हतं. कॉलेजात दर वेळी शेजारच्या टेबलाकडे पाहून उत्तर आधी ठरत असे आणि निरीक्षणं मागून लिहिली जात. आज शेजारच्या टेबलावर गणिताचे सर बसले होते, आणि त्यांना तर काही विचारण्यात अर्थ नव्हता.

परीक्षानळीत चिमूटभर चूर्ण, त्यावर पाणी आणि मग विरल सल्फ्युरिक आम्लाचे थेंब.

"तांबूस धूर निघाला तर नायट्राइट," मॅडम म्हणाल्या. "जळक्या गंधकासारखा वास आला तर सल्फाइट. आणि नुसताच पांढरा साका तळाला बसला तर..."

"तर?"

"तर बेरियम. ते नको आपल्याला."

तिघंही नळीकडे बघत राहिले. धूर नाही, वास नाही, साका नाही. काकांनी सव्वीस वर्षं मुलांना असं नळीकडे टक लावून बघताना पाहिलं होतं आणि मनातून हसले होते. आता त्यांना त्या सगळ्या मुलांची दया आली.

"येतो जरा," सर पोट धरून म्हणाले आणि बाहेर गेले.

दुसऱ्या नळीत मॅडमनी नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. नळीत नासलेल्या दुधासारखा पांढरा साका उतरला. त्यात अमोनिया घातल्यावर तो विरघळला. तार चूर्णात बुडवून ज्योतीत धरली, तर ज्योत पिवळी झाली. मॅडमनी पहिल्यापासून पुन्हा सगळं केलं. पुन्हा तेच आलं. मग त्यांनी ते वहीत लिहिलं.

"सोडियम," त्या म्हणाल्या. "आणि क्लोराइड."

"म्हणजे?"

"मीठ आहे, काका. साधं मीठ."

काकांनी डोळे मिटले. सर परत आले, त्यांनाही सांगितलं. त्यांनी खिशातून कागद काढून अठ्ठेचाळिसात एक हा आकडा पुन्हा एकदा पाहिला आणि कागद घडी करून ठेवला.

"पण मला कळत नाही," मॅडम कपाळ चोळत म्हणाल्या. "या बाटलीचं जुनं लेबल मी स्वतः वाचलं. त्यावर स्पष्ट नायट्राइट होतं. चांगली लाल किनार होती, वर कवटी होती..."

"लाल किनार?" काकांनी डोळे उघडले. "मग हे आधी नाही का सांगायचं? ती माझीच बाटली. लेबल मी कधी वाचलं नाही, कवटी तेवढी ठाऊक. आत होतं ते दोन वर्षांपूर्वी संपलं. बाटली तीनदा धुतली आणि मीठ त्यात भरलं. कवटी बघून कोणी हात लावत नाही म्हणून."

काकांनी लपवायला निवडलेल्या बाटलीचं नाव अक्षरानुक्रमानं नेमकं त्याच जागी परत आलं होतं. काकांना जागा पाठ होती, मॅडमना नाव पाठ होतं, आणि दोघांनाही एकमेकांना एक साधा प्रश्न विचारणं सुचलं नव्हतं.

"हात कोण लावणार होतं पण?" मॅडमनी विचारलं.

"तेच तर कळलं नाही कधी. आधी मीठ मिठाच्याच बाटलीत होतं. परीक्षेचं मीठ, पण दर आठवड्याला कमी व्हायचं. मी घेत होतो त्याहून जास्त. कोणीतरी लेबल वाचून नेत होतं. म्हणून मीठ हलवलं आणि त्या बाटलीत दुसरं भरलं. तेव्हाच्या सरांना विचारून, विषारी नाही ना म्हणून."

"क्लोराइडच्या बाटलीत काय भरलंत?" हा प्रश्न गणिताच्या सरांनी विचारला. त्यांचा आवाज फार हळू होता.

"सल्फेट."

"कशाचं सल्फेट?"

"सोडियमचंच. घरातल्या घरात ठेवलं."

सर मॅडमकडे वळले. "सोडियम सल्फेट पोटात गेलं, समजा रोज, थोडं थोडं... तर काय होतं?"

मॅडमनी उत्तर द्यायच्या आधी सरांच्या वाळलेल्या गालांकडे पाहिलं, मग त्यांच्या पॅन्टच्या आवळलेल्या पट्ट्याकडे. "रेचक आहे ते, सर."

"डब्यावर इथलं मीठ घ्यायचो, ते कडवट लागतंय, असं मी घरी म्हणत होतो," सर म्हणाले. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "नळी घातली होती हो माझ्या घशात."

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. जिन्यावर पावलं वाजली, आणि दारात इस्पितळाच्या माणसाच्याही पुढे, हातात केसपेपर घेऊन, काकू उभ्या राहिल्या. खिडकी दुसऱ्या बाईंना सांभाळायला देऊन त्या तशाच गाडीत बसून आल्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याचे ओठ पाहिले, मग नाडी पाहिली, आणि एकोणीस वर्षांच्या सवयीनं पेन काढलं.

"काय खाल्लंत?"

काकांनी मॅडमकडे पाहिलं. त्या नजरेत सव्वीस वर्षांची नोकरी आणि उरलेलं सगळं आयुष्य होतं. मॅडमना खोटं बोलता येत नव्हतं. पण खरं बोलायचे निरनिराळे प्रकार असतात, आणि त्यांतला एक विज्ञानानं खास उपलब्ध करून दिला आहे, हे त्यांना त्या क्षणी जाणवलं.

"सोडियम क्लोराइड," त्या म्हणाल्या. "अगदी थोडं. धोक्याचं नाही. मी स्वतः दोनदा तपासलंय."

काकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. एवढं भारदस्त नाव आपल्या दोन चिमटींना आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

काकूंनी ते नाव केसपेपरवर लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "रोज शंभर सलाइनच्या बाटल्या माझ्या खिडकीसमोरून जातात. प्रत्येकीवर हेच छापलेलं असतं. मीठ कधीपासून खाताय?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. काकूंनी ओढणीनं डोळे पुसले, ते रागानं की कशानं हे कोणाला कळलं नाही, कारण त्या लगेच इस्पितळाच्या माणसाकडे वळल्या होत्या.

"चला, पेशंट नाही."

"असं कसं?" तो कंटाळून म्हणाला. "गाडी निघाली, केसपेपर निघाला. रिकामं परत गेलो तर मला दोन पानं लिहावी लागतात. कोणीतरी द्या."

तेव्हा कोपऱ्यातून गणिताच्या सरांनी, वर्गात मुलं करतात तसा, हात अर्धवट वर केला.

सरांनी झालं ते सांगितल्यावर काकूंनी केसपेपरवरचं नाव खोडलं, 'क्लोराइड'वर काट मारून त्यावर 'सल्फेट' लिहिलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं," सर म्हणाले. आणि चुकीची नोंद होऊ नये म्हणून त्यांनी सांगितलं, "सरासरी आठवड्यातून पाच दिवस. सुट्ट्या वगळून."

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस चूर्णं नव्यानं तपासलेली होती, आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. प्रत्येक लेबलावर आता नावाखाली जागेचा आकडाही होता. प्रयोगशाळेत कोणी काही खायचं नाही, असं त्यांनी दारावर लिहिलं होतं, आणि शिक्षकांच्या खोलीत स्वतःच्या खर्चानं आणलेली काचेची नवी मीठदाणी ठेवली होती.

जेवायच्या सुट्टीत काका आणि गणिताचे सर समोरासमोर बसले. सरांचं पोट दोन दिवसांत पुष्कळ बरं होतं आणि त्यांनी बिचकत बिचकत चहा घेतला होता. दोघांच्याही डब्यांत अंडी होती. मध्ये मीठदाणी होती, आणि तिच्यावर निळ्या शाईत, रेघ आखून, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: मीठ.

"घ्या, सर," काका म्हणाले.

सरांनी लेबल वाचलं. मग एकदा पुन्हा वाचलं.

"तुम्ही घ्या आधी," ते म्हणाले.

काकांनी मीठदाणी टेबलावर डावीकडून कितवी आहे ते पाहिलं. ती एकटीच होती. त्यावरून काहीच ठरत नव्हतं.

दोघांनीही अंडी अळणीच खाल्ली.